छायाताईंचा पिवळा टॅग

छायाताईंच्या हातात काहीही दिलं, की त्या आधी त्याच्या कडेवरून उजव्या अंगठ्याचं नख फिरवायच्या. वस्तू कुठली, याच्याशी देणंघेणं नाही. चहाचा कप असो, लग्नाची पत्रिका असो, नवी बांगडी असो की हळदीकुंकवाला मिळालेली स्टीलची वाटी असो, नख फिरलंच पाहिजे. नख सरळ गेलं तर वस्तू पास. कुठे अडलं की मान जराशी कलायची, डोळे बारीक व्हायचे आणि मग त्या वस्तूची काही खैर नसायची.

माझी त्यांची ओळखही अशीच झाली. भोसरीच्या एमआयडीसीत आमचं वर्कशॉप. गाड्यांना लागणाऱ्या लोखंडी पिना तिथे तयार होतात आणि चाकणच्या मोठ्या कंपन्यांकडे जातात. मी तिथे डिस्पॅचला लागले होते, म्हणजे माल मोजायचा, चलन करायचं आणि टेम्पोत चढवून द्यायचा. जालन्याहून नुकतीच आलेली, कासारवाडीत भाड्याची खोली, ओळखीचं कुणी नाही. पहिल्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत कोपऱ्यात बसून डबा उघडला, तर एक ठेंगणी, भक्कम बाई समोर येऊन बसली आणि न विचारता तिने माझ्या डब्याचं झाकण उचललं. नख फिरवलं. म्हणाली, "हितं धार हाय. एक दिस बोट कापून घेशील." उठली, कानस घेऊन आली, झाकणाची कड घासली, पदराने पुसली आणि झाकण परत दिलं. नाव तिने त्यानंतर विचारलं. जिच्यात गोडबोलेपणाचा लवलेश नाही, अशी काळजी मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

छायाताई आमच्या इन्स्पेक्शनला होत्या, म्हणजे तयार माल तपासून पास-नापास करणाऱ्या. खरं तर त्यांना नोकरीची काहीच गरज नव्हती. सासर भोसरी गावातलं जुनं. जमीन एमआयडीसीत गेली तेव्हा थोडी जागा उरली, तिच्यावर खोल्या बांधून कामगारांना भाड्याने दिलेल्या. दारात चारचाकी आणि तिच्या शेजारी म्हैस. नवरा शांत स्वभावाचा, भाडेकरूंच्या पाण्याच्या मोटारी दुरुस्त करण्यात दिवस घालवणारा. गावातल्या बायका विचारायच्या की एवढं सगळं असताना कंपनीत कशाला जातेस गं? छायाताईंचं उत्तर ठरलेलं होतं. "ह्यो शेड हाय ना, हितं आमच्या आजेसासऱ्याचं जवारीचं रान व्हतं. मी कंपनीत जात न्हाई. मी आमच्या रानात जाते."

त्यांच्या टेबलावर तीन रंगांच्या टॅगचे जुडगे टांगलेले असायचे. पास झालेल्या मालाच्या क्रेटला हिरवा, नापासाला लाल आणि जिथे शंका आहे, पुन्हा तपासायचं आहे, तिथे पिवळा. मशीनवरची पोरं पिवळ्यावर फार चिडायची. टार्गेट तोंडावर आलेलं आणि ताई क्रेट अडवून बसलेल्या. काय तो एकदा हिरवा नाहीतर लाल लावून मोकळ्या व्हा, म्हणून ती गळ घालायची. छायाताई ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "लाल लावाया अक्कल लागत न्हाई. हिरवा लावाया बी लागत न्हाई. पिवळा लावाया लागती." आणि पोरगा फारच तणतणला, तर जरा मऊ होऊन, "आरं, पिवळा म्हंजी शिक्षा न्हाई. पिवळा म्हंजी थांब, बघू."

अशी चार-पाच वर्षं गेली. मग एका उन्हाळ्यात छायाताईंनी स्वेटर घातला.

एप्रिल महिना, वर पत्र्याचं छप्पर, मशीनवरची पोरं बनियनवर घाम पुसतायत आणि ताई मरून रंगाचा स्वेटर घालून पंख्याकडे पाठ करून बसलेल्या. आम्ही सगळे हसलो. त्याही हसल्या, पण हसणं कसं ओढून आणल्यासारखं. पुढे बाकीचंही दिसायला लागलं. जिना चढून आल्या की कठड्याला धरून उभ्या राहायच्या. चेहरा सुजल्यासारखा, आवाज जाड आणि घोगरा. पाटल्या हातात रुतायला लागल्या. जेवणाच्या सुट्टीत अर्धी भाकरी खाऊन टेबलावर डोकं टेकवायच्या आणि भोंगा झाला तरी उठायच्या नाहीत. ज्या बाईला मी कधी जांभई देताना पाहिलं नव्हतं, ती सकाळी सकाळी कामावर येतानाच दमलेली असायची. आणि एके दिवशी त्यांच्या अंगठ्याचं ते नख मधोमध चिरलं. वाढलं की परत चिरायचं. त्याला त्या चिकटपट्टी लावून काम करायला लागल्या.

दमलेल्या माणसाला सल्ल्यांची मात्र कमतरता नसते. कुणी नाचणीचं सत्त्व सांगितलं, कुणी दृष्ट काढायला लावली. वय झालं, पाळी जायचे दिवस आलेत, हे तर प्रत्येक बाईने सांगितलं. शेठ म्हणाले, वजन कमी करा. घरी नवरा म्हणायचा, बस की आता घरी, काय कमी आहे आपल्याला. छायाताईंनी स्वतःचं निदान मात्र सगळ्यांपेक्षा वाईट केलं होतं. एकदा चहा पिताना मला हळूच म्हणाल्या, "मी कामचुकार झाले गं रेश्मा. अंगात आळस भरलाय." ज्या बाईने आयुष्यभर दुसऱ्याच्या कामचुकारपणाला नख लावलं, तिने हे स्वतःबद्दल म्हणावं, याचं मला फार वाईट वाटलं.

मग जे व्हायला नको होतं ते झालं. त्यांच्या हातून पास झालेला माल चाकणहून परत आला. पिनांच्या कडांना धार राहिली होती आणि सगळ्या क्रेटना हिरवे टॅग होते.

आमच्या शेठविषयी इथे सांगायला हवं. माणूस मनाने वाईट नाही, पण आवाज असा की विचारू नका. माल व्यवस्थित निघत असला की शेठ आहेत की नाहीत हेसुद्धा कळायचं नाही. उत्पादन घटलं की आवाज आधी केबिनच्या बाहेर यायचा, मग मशीनपर्यंत आणि अगदीच घोटाळा झाला तर रस्त्यापलीकडच्या टपरीवाल्यालाही कळायचं की आज आमच्याकडे माल निघत नाहीये. त्या दिवशी आम्ही सगळे कान बंद करून उभे होतो. पण शेठ छायाताईंच्या टेबलाशी आले आणि अगदी हळू बोलले. म्हणाले, ताई, काही दिवस पॅकिंगला बसा, इथे मी तात्पुरता माणूस बसवतो. दिवाळीपर्यंत बघू, नाहीतर कायमचा कुणी घ्यावा लागेल. ते ओरडले असते तर बरं झालं असतं, असं मला वाटलं.

शेठ गेल्यावर छायाताईंनी जुडग्यातून एक लाल टॅग सोडवला आणि माझ्यासमोर धरला. "मला ह्यो लाव." डोळ्यांत पाणी नव्हतं, त्याचीच मला भीती वाटली. मी त्यांचंच त्यांना ऐकवलं. म्हटलं, "ताई, न तपासता लाल लावतात का?" त्यांनी मग लाल टॅग परत अडकवला, पिवळा सोडवला आणि स्वतःच्या खुर्चीच्या पाठीला बांधला. "बरं. मग तुझी ती डॉक्टरीण हाय ना, तिच्याकडं चल."

माझी डॉक्टरीण म्हणजे कासारवाडी स्टेशनजवळ दवाखाना असलेल्या एक बाई. मूळच्या कोकणातल्या, हेल काढून बोलणाऱ्या आणि पेशंटला कधी घाई न करणाऱ्या. त्यांनी छायाताईंना बरंच विचारलं. थंडी वाजते का, पोट साफ होतं का, केस गळतात का, घरात कुणाला असं काही होतं का. आणि एक प्रश्न असा विचारला की तो पुढे आमच्या वर्कशॉपमध्ये फार गाजला. "झोपून उठल्यावर थकवा उतरतो का?" छायाताई म्हणाल्या, झोपताना जेवढी दमलेली असते तेवढीच उठताना असते. डॉक्टरांनी गळा चाचपून पाहिला आणि रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या. थायरॉईडची दिली, शिवाय हिमोग्लोबिन आणि साखरही. थकव्याची कारणं पुष्कळ असतात, एकाच गोष्टीवर बोट ठेवून चालणार नाही, म्हणाल्या.

रिपोर्ट माझ्या मोबाईलवर आला. आम्ही शेअर रिक्षात होतो. छायाताईंना इंग्रजी अक्षरं कळत आणि आकडे तर त्यांच्या हातातले. एका बाजूला आलेलं माप, दुसऱ्या बाजूला खालची आणि वरची मर्यादा. रोज दिवसभर त्या हेच तर बघायच्या. हिमोग्लोबिन आणि साखर मर्यादेत होती. टीएसएच वरच्या मर्यादेच्या कितीतरी वर. तो बघून त्या म्हणाल्या, ठीक आहे, वर आहे ना, मग काही हरकत नाही. मग बोट खाली टी-फोरवर गेलं. तो खालच्या मर्यादेच्याही खाली होता. छायाताईंनी मोबाईल माझ्या हातात परत ठेवला. भोसरीला उतरून न बोलता घरी गेल्या आणि दुसऱ्या दिवशी कामावर आल्या नाहीत, तिसऱ्याही दिवशी नाहीत. फोन उचलत नव्हत्या.

मी घरी गेले. म्हशीपाशी पाटावर बसून लसूण सोलत होत्या. शेठला सांगून टाक, दिवाळीची वाट बघायला नको, म्हणाल्या. मी कारण विचारलं, तर त्यांनी मला एखाद्या नवख्या पोराला समजवावं तसं समजावलं. पीन मापापेक्षा मोठी आली, तर घासून मापात आणता येते. पण मापापेक्षा बारीक झाली, तर संपलं. "गेलेलं लोखंड माघारी येत न्हाई, रेश्मा. वरचं एक हाय ते घासून कमी हुईल. पन ते खालचं? ते लालच." दोन दिवस बाई हे मनात धरून बसली होती. नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

थायरॉईडमधलं मला त्यांच्याहून जास्त काही कळत नव्हतं. रिपोर्टवर माप आणि मर्यादा छापलेली असते, पण तो माल कशाचा बनलाय हे कुठे लिहिलेलं असतं? माझा आपला एकच हेका, की पीन आणि माणूस एक नाही, आणि कागद डॉक्टरांना दाखवल्याशिवाय निकाल लागत नाही. शेवटी मी त्यांच्या नवऱ्याच्या कानावर घातलं, तेव्हा त्यानेच गाडी काढली.

डॉक्टरांनी पिनेची सगळी हकीकत मन लावून ऐकून घेतली, अजिबात हसल्या नाहीत. मग सांगितलं की गळ्यात एक लहानशी ग्रंथी असते, तिचं नाव थायरॉईड. शरीराचं काम कुठल्या वेगाने चालावं, हे तिच्यातून निघणाऱ्या हार्मोनवर ठरतं. टी-फोर म्हणजे ते हार्मोन, ते तुमच्यात कमी पडलंय. म्हणून थंडी, म्हणून सूज, म्हणून हा थकवा, आणि ते नखसुद्धा त्याच्यामुळेच असू शकतं. आणि टीएसएच वाढला म्हणजे थायरॉईड जास्त काम करतेय असं नाही, उलटं आहे. टीएसएच त्या ग्रंथीतून येतच नाही. तो डोक्यातून येणारा हुकूम असतो, की माल काढ. ग्रंथी माल काढेना, म्हणून हुकूम वाढत वाढत गेला.

छायाताई ऐकत होत्या. एकदम सरळ बसल्या. "म्हंजी आपल्या शेटचा आवाज."

डॉक्टरांना शेठ माहीत नव्हते, मला समजावून सांगावं लागलं. सांगितल्यावर मात्र त्या मनापासून हसल्या, म्हणाल्या, अगदी तसंच. आवाज ऐकून कळतं की आत माल निघत नाहीये. छायाताईंना मात्र त्यात रस उरला नव्हता. त्यांचा प्रश्न वेगळाच होता. "आन जे कमी पडलंय, ते भरता येतं?" डॉक्टर म्हणाल्या, "येतं ना. गोळीतून तेच द्यायचं. हे लोखंड नाही, ताई." तेव्हा कुठे छायाताईंच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि माझ्याही.

गोळी इवलीशी, पण तिचे नखरे फार. सकाळी उठल्या उठल्या, रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर. चहा निदान अर्ध्या-पाऊण तासाने. घरात कॅल्शियमच्या गोळ्या होत्या, त्या हिच्यापासून चार तास लांब. छायाताईंचा जीव खरा अडला तो चहाशी. लग्न होऊन आल्यापासून आधी चहा आणि मग म्हशीची धार, हा त्यांचा नेम. पण तो नेम त्यांनी मोडला. गोळी घ्यायची, मग धार काढायची आणि मग चहा. म्हैस मध्ये घातल्यामुळे पाऊण तास बरोबर भरतो, म्हणायच्या.

आराम लगेच पडला नाही. पॅकिंगच्या टेबलावर खोके चिकटवता चिकटवता त्या आपल्या जुन्या टेबलाकडे बघत राहायच्या. तिथे बसवलेला माणूस भरभर हिरवे टॅग लावायचा आणि इकडे छायाताई दात-ओठ खायच्या. डॉक्टरांनी सांगितलं होतं की आठवडे लागतील, परत रक्त तपासू, मग गोळी कमी-जास्त करू. तसं एकदा वाढवावीही लागली. पण गणपती गेले आणि एके दिवशी माझ्या लक्षात आलं की ताई जिना चढून आल्या आणि कठडा न धरता सरळ बोलायलाच लागल्या. मग चेहऱ्याची सूज उतरली. सुट्टीत पूर्ण भाकरी जायला लागली. नख मुळाकडून साफ उगवून आलं. दिवाळीच्या आधी रिपोर्ट आला, दोन्ही मापं मर्यादेत. छायाताईंनी शेठच्या केबिनमध्ये जाऊन तो दाखवला आणि बाहेर येऊन खुर्चीचा पिवळा टॅग सोडून हिरवा बांधला. टेबल परत मिळालं. म्हशीच्या दुधाच्या पेढ्यांचा डबा सगळ्या वर्कशॉपमध्ये फिरला.

इथे ही गोष्ट संपली असती तर मला फार आवडलं असतं. पण छायाताई त्या छायाताई.

थंडी सुरू झाली. थंडीत सगळेच स्वेटर घालतात, त्यामुळे त्यांच्या स्वेटरकडे माझं लक्ष गेलं नाही. संक्रांतीनंतरचा एक दिवस. टेम्पो भरून झाला होता, ड्रायव्हर गाडीत बसला होता आणि छायाताई पाय ओढत बाहेर आल्या. "गाडी थांबव," म्हणाल्या. सकाळी त्यांनीच पास केलेला एक क्रेट उघडायला लावला, पीन काढली, नख फिरवलं. अडलं. दुसरी काढली. तिथेही अडलं. त्यांनी एकेक करून सगळे हिरवे टॅग स्वतः सोडवले आणि पिवळे बांधले. ड्रायव्हर कुरकुरत होता, त्याच्याकडे लक्षही दिलं नाही. मग तिथेच पायरीवर बसल्या आणि मला म्हणाल्या की दिवाळीपासून गोळी बंद आहे.

मला राग आला. मी बोललेही. त्यांनी बोलू दिलं आणि मग आपलं म्हणणं मांडलं. त्यात लबाडी नव्हती, हीच तर पंचाईत होती. त्यांच्या मते सगळं सरळ होतं. माल बिघडला की दुरुस्तीला टाकायचा. दुरुस्त झाला, तपासला, मापात आला, हिरवा टॅग लागला. आता मापात आलेल्या मालाची कुणी परत दुरुस्ती करत बसतं का? रिपोर्टवर सगळं मर्यादेत होतं, म्हणून गोळ्यांची पाकिटं त्यांनी कपाटात ठेवून दिली होती. मला मनात वाटलं, हे चुकायचं तर फक्त इन्स्पेक्शनवालीनेच चुकावं.

पुन्हा तोच दवाखाना, पुन्हा तोच रिपोर्ट, शेठचा आवाज, म्हणजे टीएसएच, पुन्हा चढलेला. छायाताई मान खाली घालून बसल्या होत्या, डॉक्टर रागावतील म्हणून. डॉक्टर रागावल्या नाहीत. त्यांनी विचारलं, तुमच्या मशीनला तेल घालता ना? घालतो, म्हणाल्या. तेल असलं की माल नीट येतो ना? येतो. "मग माल नीट येतोय म्हणून तेल बंद करता का?"

छायाताईंनी मान वर केली. मग म्हणाल्या, "म्हंजी तो रिपोर्ट माझ्या एकटीचा नव्हता. गोळीचा बी व्हता." डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाल्या की हे वाक्य मी माझ्या बाकीच्या पेशंटना सांगणार आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी छायाताई आपणहून शेठच्या केबिनमध्ये गेल्या. मी दाराशी चलन घेऊन उभी होते, सगळं ऐकू येत होतं. त्यांनी काहीही आडपडदा न ठेवता सांगितलं की चूक माझी आहे, औषध मी बंद केलं, पुन्हा सुरू केलंय, नीट व्हायला वेळ लागेल, तुम्हाला दुसरा माणूस घ्यायचा तर घ्या. मला वाटलं, गेलं आता टेबल. मग शेठचा आवाज आला, तोही केबिनच्या बाहेर जेमतेम पोहोचेल एवढा. "काल गाडी कोणी थांबवली?" छायाताई म्हणाल्या, मी. "मग मला दुसरा माणूस कशाला पाहिजे? बरं वाटेपर्यंत जोडीला एक देतो. टेबल तुमचंच आहे." छायाताई बाहेर आल्या, माझ्या हातातलं चलन घेतलं, त्याच्या कडेवरून नख फिरवलं आणि परत दिलं. चलन पास होतं.

त्यानंतर आमच्या वर्कशॉपवर जे आलं त्याला मी थायरॉईडची साथ म्हणते. कुणी जांभई दिली, की छायाताई हजर. "झोपल्यावर उतरतो का?" उतरतो म्हणालात तर सुटलात. उतरत नाही म्हणालात, की स्वतः रिक्षात बसवून कासारवाडीला नेणार. वेल्डिंगच्या एका धडधाकट पोराला नेलं, तर डॉक्टर म्हणाल्या, याला काही झालेलं नाही, हा रात्रभर मोबाईल बघतो. मलाही नेलं, कारण त्या पावसाळ्यात मीही कायम मरगळलेली असायची. खरं सांगते, रिपोर्ट उघडताना माझी खात्री होती की थायरॉईडच निघणार. टीएसएच अगदी मधोमध, नाकासमोर चालणारा. कमी होतं ते हिमोग्लोबिन. माझी थोडी निराशाच झाली. छायाताई म्हणाल्या की बघ, म्हणूनच तपासायचं, नाहीतर माझी गोळी तुला चारली असती. आणि वर्षभर त्यांनी माझ्या डब्यात खजूर आणि पालेभाजी आहे की नाही हे झाकण उघडून बघितलं.

पुढे मला चाकणला मोठ्या कंपनीत काम मिळालं. पगार बरा, जायला-यायला बस, शेडमध्ये थंडगार हवा. जायचं तर होतं, पण छायाताईंना सांगायची हिंमत होत नव्हती. सांगितलं तेव्हा त्यांनी मान एका बाजूला कलवली, माझ्याकडे डोळे बारीक करून बघितलं आणि म्हणाल्या, जा. शेवटच्या दिवशी भेटवस्तू वगैरे काही नाही. जुडग्यातून एक पिवळा टॅग सोडवून माझ्या हातात ठेवला. "तितं मोठी कंपनी हाय. मानसाला पटकन लाल लावत्यात. ह्यो जवळ ठेव." माझा हात त्यांनी हातात घेतला होता, तर सवयीने अंगठा माझ्या बोटांवरून फिरला. त्यांचं नख गुळगुळीत होतं.

तो टॅग माझ्या मोबाईलच्या कव्हरमध्ये आहे. त्याचा उपयोग होतो. आमच्या लाइनवर बीडकडची एक बाई आहे, काम चोख, पण गेल्या काही महिन्यांत तिला सारखी झोप यायला लागली. सुपरवायझरने तिच्या नावापुढे आळशी म्हणून शेरा मारायची तयारी केली होती. मी त्याला म्हटलं, थांब, बघू. तिला घेऊन गेले. तिचं थायरॉईड निघालं नाही, बी-बारा अगदी तळाला गेलेलं निघालं. आता ती बरी आहे आणि सुपरवायझरशी दुप्पट जोमाने भांडते.

छायाताई अजून त्याच टेबलावर आहेत, आजेसासऱ्याच्या रानात. गोळी, म्हैस आणि चहा, हा क्रम चुकत नाही. रक्त ठरल्या वेळी तपासतात आणि रिपोर्ट मापात आला की डॉक्टरांच्या आधी स्वतःच गोळीचे आभार मानतात. अधूनमधून त्यांचा फोन येतो. बोलणं फार नसतं, कशी आहेस वगैरे तर नाहीच.

"दमतीस का गं?"

"दमते ना ताई. पण झोपले की उतरतो."

"मग हिरवा," म्हणतात, आणि फोन ठेवून देतात.